दापोली किनाऱ्यावरची शरदातली पक्षी सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी गणपती उठले की फोन सुरू होतात आणि प्रश्न तेच असतात. काहींचं उत्तर एका शब्दात देता येतं, काहींना अर्धा तास लागतो. ती अर्ध्या तासाची उत्तरं एकदा लिहून ठेवलेली बरी, म्हणून हे पान. पैसे भरण्याआधी निदान तारखांबद्दलचा भाग वाचा, पुढचे बरेच गैरसमज तिथेच मिटतील.

सहल नेमकी कुठे असते?

दापोली तालुक्यात. मुक्काम आंजर्ल्याला. फिरणं आंजर्ल्याची पुळण (वाळूचा किनारा) आणि जोग नदीची खाडी, हर्णै बंदर, केळशीची खाडी, मधले कातळाचे सडे म्हणजे उघडी पठारं, आणि आसूदच्या पोफळीच्या वाड्या एवढ्यात. नकाशावर हा पट्टा बोटभर दिसतो, पण पुळण, खडप (किनाऱ्याचे खडक), खाजण (खाडीकाठची खारट चिखलाची जमीन), कांदळवन, भातशेती, सडा आणि झाडी असं सगळं अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात मिळतं. पक्ष्यांच्या दृष्टीने ही वेगवेगळी हॉटेलं आहेत, प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं.

मुरूडला यायचं ना? जंजिऱ्यापाशी?

नाही! मुरूड दोन आहेत. जंजिऱ्याचं मुरूड रायगड जिल्ह्यात, दुसरं दापोली तालुक्यात कर्द्याच्या शेजारी. आपण दापोलीकडे असतो. एक कुटुंब भल्या पहाटे जंजिऱ्यासमोर उभं राहून आम्हाला फोन करत होतं, तेव्हापासून हा प्रश्न या पानावर वरच्या बाजूला आहे. गाडीतल्या नकाशावर नुसतं ‘मुरूड’ टाकू नका, ‘आंजर्ले’ टाका.

तारखा अशा आडवारी का? शनिवार-रविवार धरून का ठेवत नाही?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत जास्त रोष ओढवणारा प्रश्न. आमच्या तारखा कॅलेंडरच्या वारांवरून ठरत नाहीत, तिथीवरून ठरतात. साधारण दशमीपासून त्रयोदशीपर्यंतचे दिवस आम्ही धरतो, शुक्ल पक्षातले किंवा कृष्ण पक्षातले. त्यात शनिवार-रविवार आला तर उत्तम, नाही आला तर रजा टाकावी लागते. कारण असं.

किनाऱ्यावरचे हे पक्षी घड्याळ बघत नाहीत, पाणी बघतात. ओहोटीला खाडीतला चिखल आणि पुळणीचा ओला पट्टा उघडा पडतो. त्यात किडे, शिंपले, खेकडे, अळ्या. पक्षी तिथे पांगतात आणि इतके लांब जातात की दुर्बिणीतून नुसते ठिपके हलताना दिसतात. भरती येऊ लागली की पाणी त्यांना पुढे ढकलत आणतं. ताट आखडत जातं, पक्षी दाटीवाटीने कोरड्या वाळूच्या पट्ट्यावर गोळा होतात आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच एका पायावर उभे राहून डुलक्या काढतात. आपल्याला बघायचं असतं ते हे. तुम्ही पक्ष्यांमागे चिखलात धावायचं नाही. योग्य जागी आधी जाऊन बसायचं, समुद्र त्यांना तुमच्याकडे आणून सोडतो.

आता ही भरती सकाळच्या उन्हाआधी हवी, म्हणजे प्रकाश चांगला आणि डोकं तापत नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती ऐन दुपारी येते आणि सकाळी सहाला समुद्र पार लांब गेलेला असतो. शिवाय उधाणाच्या भरतीला पाणी अख्खी पुळण गिळतं, बसायला जागाच उरत नाही, मग पक्षी उठून भलतीकडे जातात. अष्टमीच्या भांगाला उलटी तऱ्हा: पाणी इतकं जेमतेम चढतं की पक्ष्यांना हलायची गरजच पडत नाही. दशमी ते त्रयोदशी हे या दोन टोकांच्या मधले दिवस. सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान भरती, पाणी पुरेसं, वाळूही शिल्लक.

हे आम्हाला सुरुवातीला कळत नव्हतं. पहिल्या वर्षी शनिवार-रविवार बघून सहल ठेवली, ती नेमकी अमावास्येच्या आदल्या दिवशी आली. ओहोटीत चालत चालत सहा जणांना घेऊन खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर गेलो. समोर चिखल्यांचा, म्हणजे पुळणीवर तुरूतुरू पळणाऱ्या छोट्या पक्ष्यांचा, मोठा थवा, सगळे दुर्बिणीला डोळे लावून. मागून पाणी कधी भरलं कोणाच्या लक्षात आलं नाही. परत येताना कमरेएवढ्या पाण्यातून, पिशव्या डोक्यावर धरून. कोणाला काही झालं नाही, दोन मोबाइल मात्र कायमचे गेले. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून तिथी.

भरतीची वेळ मला घरबसल्या काढता येईल का?

येईल, आणि ॲप लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं. दशमी असेल तर दहा गुणिले पाऊण, साडेसात. म्हणजे दसऱ्याला भरती साधारण सकाळी साडेसातला आणि मग सव्वाबारा-साडेबारा तासांनी पुन्हा संध्याकाळी आठच्या आसपास. चतुर्थीला तीन वाजता. पंचमीला पावणेचार. शुक्ल असो की कृष्ण, पक्षाच्या प्रतिपदेपासून मोजायचं. कोकणात हे गणित आजोबांकडून नातवाकडे येतं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून आम्ही भरती-ओहोटीचा छापील तक्ताही बघतो, पण अंदाजाला हे पुरतं.

कोणत्या महिन्यात यावं?

सहली ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. स्थलांतर त्याआधीच सुरू झालेलं असतं. करडा धोबी गणपतीच्या आसपास ओढ्यांवर शेपटी हलवत हजर होतो, भोरड्यांचे थवे त्याहूनही आधी. ऑगस्टात येणाऱ्या किनारपक्ष्यांतले बरेच प्रौढ असतात, अंगावर विणीच्या रंगाचे डाग अजून शिल्लक असलेले. त्या वर्षीची पिल्लं मागाहून येतात. यातल्या अनेक जातींत आईबाप आधी निघून जातात आणि दोन-तीन महिन्यांची पिल्लं, वाट न दाखवता, स्वतःची स्वतः निघतात. त्यांना इथे उतरताना बघणं हा माझ्या मते या दिवसांतला सगळ्यांत मोठा नजराणा, आणि बहुतेक लोक त्याकडे ‘हे जरा फिकट दिसतंय’ म्हणून दुर्लक्ष करतात.

ऑक्टोबर म्हणजे मरणाचा उकाडा, हेही सांगून ठेवतो. नोव्हेंबर सुसह्य. कुरव (सीगल) आणि बदकं नोव्हेंबरात जास्त, रानातले आणि सड्यावरचे वाटसरू ऑक्टोबरात जास्त. दोन्ही एकदम हवं असेल तर दिवाळीच्या आसपासची तारीख घ्या.

काय काय दिसतं?

पुळणीवर चिखल्यांच्या दोन-तीन जाती, सँडरलिंग, कर्ल्यू, व्हिंब्रेल, टर्नस्टोन. नशीब असेल तर कालवफोड्या, लाल-केशरी चोचीचा काळापांढरा देखणा पक्षी. खाडीत टिलवे, तुतवार, पाणटिवळे, काळ्या टोपीचा खंड्या. हर्णै बंदरावर तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव, सुरय, घारी. हर्णैचं गणित सोपं आहे: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, ऑगस्टात होड्या पुन्हा लोटल्या जातात, ऑक्टोबरपर्यंत बंदर लिलावाने गजबजतं आणि फेकलेल्या माशांवर कुरव गोळा होतात. या दिवसांत कुरवांच्या डोक्यावर काळं किंवा तपकिरी काही नसतं, कानामागे एक डाग तेवढा असतो. नावावरून शोधत बसाल तर एकही सापडणार नाही.

सड्यावर गवत सोनेरी झालेलं असतं. तिथे भोवत्या जमिनीलगत तरंगत फिरतो, गप्पीदास काटकीवर बसून शेपूट झटकतो, तिरचिमण्या पायाखालून उडतात. किल्ल्याच्या तटावर आणि समुद्रकाठच्या खडकांवर नील कस्तूर. वाड्यांमध्ये स्वर्गीय नर्तक आणि वटवटे. ब्लिथचा वटवट्या दिसण्याआधी ऐकू येतो, कुंपणाच्या झुडपातून कोणी जिभेने ‘टक्, टक्’ करावं तसा. एकदा तो आवाज कानात बसला की घरी गेल्यावर सोसायटीच्या मेंदीच्या कुंपणातूनही ऐकू यायला लागतो.

हे पक्षी येतात कुठून?

वेगवेगळ्या गावांहून. पुळणीवर शेकड्याने दिसणारा छोटा वाळूचिखल्या तिबेट, पामीर, लडाखच्या उंच पठारांवर वीण करतो. तपकिरी डोक्याचा कुरवही तिकडच्याच तळ्यांवरचा. सँडरलिंग उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून. कर्ल्यू सँडपायपर सायबेरियाच्या उत्तर टोकाकडून. हिवाळ्यात तिकडची तळी आणि जमीन गोठते, चोच खुपसायला मऊ चिखल राहत नाही. आमच्या खाड्यांचा चिखल बारा महिने मऊ. एवढ्यासाठी हिमालय ओलांडून यायचं.

या सगळ्या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला, तीस देशांतून जाणारा. भारत त्याच्या दक्षिणेकडच्या भागात येतो.

आणि कोणी इथून जातंही का?

जातं, आणि लोक हे विसरतात. चातक आफ्रिकेतून पावसाबरोबर येतो, आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालून मोकळा होतो आणि शरदात परत निघतो. नवरंगाचंही तसंच. पहिल्या पावसात त्याची दोन सुरांची शीळ इथल्या रानात घुमते, ऑक्टोबरात तो मुकाट्याने दक्षिणेकडे, श्रीलंकेपर्यंत सरकतो. त्या प्रवासात दमून तो कधी कधी चक्क माणसांच्या पडवीत उतरतो. आसूदच्या वाडीत एकदा तो पाचोळ्यात उड्या मारत आमच्यापासून दहा पावलांवर आला. ओलं पान चोचीने उलटायचं, एक डोळा खाली लावून बघायचं, मग गांडूळ ओढायचं. गटातल्या एका काकू नंतर म्हणाल्या, ‘मी श्वासच घेतला नाही बघा.’

अमूर ससाणा दिसेल का?

बहुधा नाही. नागालँड-मणिपूरमध्ये लाखोंनी उतरणारे हे ससाणे नोव्हेंबरच्या मध्यानंतर तिथून निघतात आणि काही दिवसांत भारत आडवा ओलांडून अरबी समुद्रावर जातात. दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा पक्षी, समोर सोमालियापर्यंत अडीच-तीन हजार किलोमीटर नुसतं पाणी. पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवून माग काढला म्हणून आपल्याला हे ठाऊक आहे. आमची शेवटची सहल संपते तेव्हा त्यांची ती उडी सुरू व्हायची असते, आणि ते कोकणात फार थांबतही नाहीत.

त्याऐवजी चतुर बघा. ऑक्टोबरात संध्याकाळी पुळणीवर आणि सड्यावर पिवळसर चतुरांचे ढग तरंगताना दिसतात. हेही समुद्र ओलांडणारे प्रवासी आहेत, ईशान्येच्या वाऱ्यावर स्वार होऊन आफ्रिकेकडे जाणारे. ससाण्यांना समुद्रावर हेच चतुर शिदोरीला मिळत असावेत, असं अभ्यासक मानतात. एवढं ऐकल्यावर लोक चतुरांकडे जरा आदराने बघतात.

फ्लेमिंगो?

नाही. ते ठाण्याच्या खाडीत, उरण-शिवडीकडे, आणि साधारण नोव्हेंबरनंतर. त्यासाठी दापोलीला यायची गरज नाही.

कासवाची पिल्लं?

तीही नाही. वेळास, आंजर्ले, केळशी इथे ऑलिव्ह रिडले अंडी घालतात हे खरं, पण पिल्लं समुद्राकडे जाताना बघायची तर फेब्रुवारी-मार्च-एप्रिल.

समुद्र गरुड तरी दिसतो का?

दिसतो. तो पाहुणा नाही, घरचाच. इकडे त्याला काकण म्हणतात. आंजर्ल्याच्या वरच्या बाजूला एखादा हमखास घिरट्या घालत असतो, पायात कधी मासा, कधी समुद्री साप. याच दिवसांत तो उंच झाडावरचं जुनं घरटं काटक्या आणून डागडुजी करायला घेतो. घरटं आम्ही दाखवत नाही, कितीही आग्रह केलात तरी. लांबून उडताना बघा. २०२०च्या ३ जूनला निसर्ग वादळाने या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या. तशी उंच झाडं आता पूर्वीसारखी मुबलक नाहीत आणि उरलेल्यांखाली गर्दी व्हायला नको. गंमत म्हणजे कोकणात बऱ्याच गावांत धनेशालाही ‘गरुड’ म्हणतात. त्यामुळे गावकऱ्याने ‘सकाळीच गरूड बघितला’ असं सांगितलं तर चोच केवढी होती ते आधी विचारा.

अमुक पक्षी दिसेल याची हमी देता का?

देत नाही. भरती वेळेवर येईल याची हमी देतो.

मला कावळा आणि चिमणी सोडून काही ओळखता येत नाही. चालेल?

उत्तम चालेल. अशा लोकांना उलट जास्त दिसतं, कारण त्यांची नजर यादीकडे नसते. आम्ही पहिल्या सकाळी नावं सांगतच नाही. अर्धा तास एकाच पक्ष्याकडे बघायला लावतो. चिखल्या घ्या: तुरूतुरू पळतो, थबकतो, टोचतो, पुन्हा पळतो. सँडरलिंग लाटेबरोबर मागे-पुढे चावी दिलेल्या खेळण्यासारखा. तुतवार बूड सारखं वरखाली करत राहतो, त्याला थांबताच येत नाही. चालीवरून पक्षी ओळखता आला की रंग दिसला नाही तरी अडत नाही.

आणि कर्ल्यू. तो एकदा बघाच. लांब, खाली वाकलेली चोच वाळूत डोळ्यांपर्यंत खुपसतो, मान तिरकी करून आत काहीतरी चाचपतो, खेकडा ओढून काढतो. मग झटके. एक नांगी उडते, दुसरी उडते, पाय तुटून पडतात. उरलेला गोळा घेऊन चार पावलं चालत डबक्याशी येतो, पाण्यात बुचकळून धुतो आणि मान वर करून गिळतो. हे सगळं मिनिटभरात, पुळणीवरचा उत्तम खानसामा जणू. गेल्या वर्षी दुसरीतल्या एका मुलाने हे बघून आईला विचारलं, ‘तो धुऊन खातो, मग मी का नाही?’

पक्ष्यांची मराठी नावं सांगता की इंग्रजी?

जे जिभेवर बसलं असेल ते. धोबी, खंड्या, खाटीक, भोवत्या, थापट्या, तलवार बदक अशी नावं असताना इंग्रजी कशाला? थापट्याची चोच एकदा बघितली की नाव विसरत नाही. पण किनारपक्ष्यांत एकाच मराठी नावाखाली चार-पाच जाती येतात किंवा एकाच जातीला तीन पुस्तकांत तीन नावं, तिथे आम्ही सरळ सँडरलिंग, व्हिंब्रेल म्हणतो. मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या लोकांकडून पक्ष्यांची मराठी नावं जमवण्यात उभं आयुष्य घातलं. किनाऱ्यावरच्या लोकांकडचं अजून बरंच जमवायचं राहिलंय असं वाटतं. तुमच्या आजीला एखादं नाव माहीत असेल तर आम्हाला नक्की कळवा, आम्ही वही ठेवली आहे.

दुर्बीण विकत घ्यावी लागेल का?

घाई करू नका. आमच्याकडे चार जादा दुर्बिणी आहेत आणि तिकाटण्यावर लावायचा एक स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, आहे, किनाऱ्यावर खरं काम त्याचंच. घ्यायचीच असेल तर ८×४२ घ्या. आठ म्हणजे किती पट मोठं दिसेल ते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ‘जास्त पट म्हणजे जास्त चांगली’ या हिशोबाने वीस पटीची घेऊन येणारे दर सहलीला एक-दोन असतातच. ती हातात इतकी थरथरते की पक्षी सोडून समुद्रच हलताना दिसतो. खाऱ्या वाऱ्यामुळे काचांवर मीठ बसतं, ते शर्टाच्या टोकाने पुसू नका, चरे पडतात. मऊ फडकं आम्ही देतो.

कॅमेरा आणू का? ड्रोन?

कॅमेरा जरूर. ड्रोन नाही. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावणंही नाही.

यामागे राग आहे, तो लपवत नाही. एका नोव्हेंबरात भरतीला सहाशेच्या आसपास पक्षी वाळूवर विसावले होते. आम्ही मोजतच होतो. दुसऱ्या कुठल्याशा गटाने सुरूच्या बनातून ड्रोन सोडला. अख्खा थवा उठला, वळला, पांढरा झाला, करडा झाला, पुन्हा वळला. चित्रण झकास आलं असेल. पण ते पक्षी त्या भरतीत पुन्हा टेकलेच नाहीत, दोन तास हवेत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या, अंगावरची चरबी जाळून हाडं मोकळी झालेल्या जीवाला विसावा म्हणून तेवढीच वाळू मिळते. परतीआधी यांतल्या काही जाती आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतात. ते वजन अशाच शांत भरत्यांमधून साठतं. ‘उडवून फोटो’ काढणाऱ्याला आम्ही पहिल्यांदा हात जोडून सांगतो, दुसऱ्यांदा सांगत नाही.

पहाटे किती वाजता उठावं लागतं?

पाचला. चहा मिळेल. पाणी चढायला लागण्याआधी जागेवर बसलेलं बरं, आपण नंतर गेलो की पक्षी उठतात. नाश्ता भरती कलल्यावर, साडेनऊ-दहाला. दुपारी अकरा ते साडेतीन काही नाही, झोपा. ‘एवढे पैसे भरून झोपायचं का’ असंही विचारून झालंय. हो, ऑक्टोबरात दुपारी पक्षीही तेच करतात.

चालणं किती? आईबाबांना आणू का? मुलांना?

दिवसाला चार-पाच किलोमीटर, त्यातलं बरंचसं सपाट पुळणीवर. आसूदला मात्र पाखाडीच्या पायऱ्या आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर त्या दिवशी वाडीतच बसा, तिथेही पक्षी येतात. वयाची अट नाही. आमच्याकडे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा घडीची खुर्ची घेऊन आले होते आणि सगळ्यांत जास्त त्यांनाच दिसलं, कारण ते हललेच नाहीत. मुलं साधारण सहाच्या पुढची आणा. बडबडली तरी हरकत नाही, पळाली तर पंचाईत.

कपडे आणि पायांत काय?

फिकट, मळके रंग. पांढरा शर्ट नको, तो लांबूनही चमकतो. पायांत पट्ट्याच्या, भिजल्या तरी चालतील अशा चपला. बूट घालून खाजणात उतरलात तर बूट तिथेच राहतील. टोपी, पाण्याची बाटली, टॉवेल, संध्याकाळच्या डासांसाठी मलम. कांदळवनापाशी ‘पोटिस’ म्हणजे चिलटांसारखे बारीक किडे चावतात, त्याला खोबरेल तेल लावा.

पाऊस आला तर?

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा परतीच्या पावसाचा. सकाळ लख्ख, दुपारी उकाडा, चारला काळे ढग आणि गडगडाट. विजा चमकू लागल्या की पुळणीवरून आणि सड्यावरून आम्ही ताबडतोब उठवतो, त्यात चर्चा नाही. पाऊस ओसरल्यावरचा अर्धा तास मात्र सोडू नका, सगळं बाहेर येतं.

कसं पोहोचायचं?

रेल्वेने खेड, तिथून दापोली तीसेक किलोमीटर, पुढे आंजर्ले. खेडहून गाडीची सोय आम्ही करतो. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरात बदलतं, त्यामुळे तिकिटावरची वेळ निघण्याआधी पुन्हा तपासा. स्वतःच्या गाडीने येणारे मुंबईकर माणगाव-मंडणगडकडून किंवा खेडवरून येतात, पुणेकर ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून. रात्रीचा घाट टाळा.

राहणं, जेवण, आणि… तो दुसरा प्रश्न?

राहणं गावातल्या घरगुती खोल्यांमध्ये, एसी नाही, पंखा आहे. जेवण घरचं आणि शाकाहारी: घावणे, आंबोळ्या, कुळथाचं पिठलं, डाळिंबीची उसळ, सोलकढी, एकदा उकडीचे मोदक. मासे हवे असतील तर एक जेवण हर्णैच्या खानावळीत. बांगडा तिथे खा आणि मग बंदरावर कुरवांनी तोच कसा खाल्ला ते बघा.

दुसरा प्रश्न लाजत विचारला जातो, पण योग्य आहे. पुळणीवर स्वच्छतागृह नाही. म्हणून सकाळचं बसायचं ठिकाण मुक्कामापासून दहा मिनिटांच्या आत निवडलेलं असतं आणि गटातल्या एकीकडे किल्ली असते. कोणालाही परवानगी मागावी लागत नाही.

समुद्रात पोहायला मिळेल?

खाडीच्या मुखाशी अजिबात नाही, तिथली ओढ दिसत नाही पण माणूस नेते. मुख्य पुळणीवर संध्याकाळी, कमरेपर्यंत, आम्ही सांगू तिथे.

किती जण असता? रद्द केलं तर पैसे मिळतात का?

जास्तीत जास्त दहा, सोबत आम्ही दोघं. दहा दिवस आधी कळवलंत तर सगळे परत, नंतर निम्मे. वादळाचा इशारा आला तर आम्हीच रद्द करतो आणि पूर्ण रक्कम देतो.

नोंदींचं काय करता?

रोजची यादी संध्याकाळी ओटीवर बसून एकत्र करतो आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवतो. आकडा नक्की नसेल तर अंदाज लिहितो, पण नसलेला पक्षी लिहीत नाही, कोणी कितीही शपथ घेतली तरी. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. त्या आठवड्यातल्या सहलीला गावच्या शाळेतली मुलं एक सकाळ आपल्याबरोबर येतात. स्कोपवर पहिला हक्क तेव्हा त्यांचा.

पुन्हा कधी यावं?

एप्रिलच्या सुरुवातीला, दोन दिवस, तिथी बघून. ऑक्टोबरात बघितलेला तो मातकट वाळूचिखल्या शोधा. परतीची वेळ जवळ आलेली असते, छाती तांबूस-केशरी झालेली, डोळ्यांवर काळी पट्टी. बंदरावरच्या कुरवांनी तोवर डोकी रंगवलेली असतात. भरतीला थव्यात उभे राहूनही ते सारखे चुळबुळत असतात, आणि मग एखाद्या संध्याकाळी पाणी चढत असताना एक टोळी उठते, दोन घिरट्या घेते आणि खाली न उतरता खाडीवरून उत्तरेकडे निघून जाते.